मिन कोटा एंड्युरा सी2: धरणातल्या होडीला घ्यावी का, आणि घेतली तर टिकवावी कशी

आधी निकाल. गोड्या पाण्यात, दहा ते चौदा फुटी होडी, दोन माणसं, गळ आणि थोडंफार सामान एवढाच पसारा असेल, तर एंड्युरा सी2 ही बॅटरीवर चालून होडी ढकलणारी मोटर पैसे वसूल आहे. खाडीसाठी ती नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मंद वेगात फिरत गळ ओढणाऱ्यासाठीही नाही. त्याने पदरचे थोडे जास्त घालून हिचंच पुढचं मॉडेल, एंड्युरा मॅक्स, घ्यावं. आणि मोटरीच्या बरोबरीने बॅटरी, वायर आणि ब्रेकरवर खर्च करायची तयारी नसेल तर वल्ही काय वाईट आहेत?

मिन कोटा हे अमेरिकेतलं 1934 पासूनचं नाव. एंड्युरा ही त्यांची साधी, हाताने चालवायची मालिका. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळायची, दांडा धरून वळवायची. पुढे जायला पाच वेग, मागे यायला तीन. जीपीएस नाही, पायाचं पेडल नाही, रिमोट नाही. 30 पासून 55 पौंडांपर्यंतची (पौंड म्हणजे ढकलण्याचा जोर) सगळी मॉडेलं 12 व्होल्टची, म्हणजे एकाच बॅटरीवर चालणारी. दांडा सहा इंच लांब होतो, त्यामुळे उभ्याने गळ टाकताना कंबर मोडत नाही. डोकं आणि पाण्यातली मोटर यांना जोडणारी नळी कॉम्पोझिटची आहे. दगडाला आपटली की लवते आणि पुन्हा सरळ होते, गंजत तर नाहीच. कंपनी तिची आयुष्यभराची हमी देते. भारतात मात्र ही मोटर आयात होऊन येते, तेव्हा हमीचा कागद कोण पाळणार, सुटे भाग कोण देणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी 'हो साहेब, सगळं मिळेल' याला काही किंमत नाही.

हिचा खरा उपयोग शेवटच्या शे-दोनशे फुटांत होतो. मरळ काठाच्या गवतात, उथळ पाण्यात असते. पेट्रोल इंजिनाची घरघर आणि वल्ह्याचा छपका दोन्ही तिला कळतात. ही मोटर पहिल्या-दुसऱ्या वेगात जवळजवळ आवाज करत नाही. वारा होडी आडवी करायला लागला की एका हाताने तोंड वाऱ्याकडे धरून ठेवता येतं आणि दुसरा हात गळाला मोकळा राहतो.

होडीवर मोटर चढवण्याआधी धरणाच्या जलसंपदा खात्याच्या कार्यालयात आणि मासेमारीचा ठेका असलेल्या सोसायटीकडे विचारून घ्या. बॅटरीवरची असली तरी ती मोटरच. अमेरिकेतल्या मंडळींनाही हे लागू आहे: मिनेसोटात ट्रोलिंग मोटर (अशा बॅटरीवरच्या मंद मोटरीचं नाव) लावली की होडी नोंदवावीच लागते.

किती पौंडांची?

दुकानात पहिला प्रश्न 'किती एचपी?' असा येतो, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. ट्रोलिंग मोटर ढकलण्याच्या जोरावर, पौंडांत मोजतात. 55 पौंडांचं मॉडेल पूर्ण वेगात 50 अँपिअरपर्यंत ओढतं. 12 व्होल्टला ते 600 वॅट झाले, म्हणजे जेमतेम पाऊण अश्वशक्ती. दोन अश्वशक्तीच्या इंजिनाशी तिची तुलना करायचीच नाही.

हिशोब असा: भरलेल्या होडीच्या दर 100 पौंड वजनाला किमान 2 पौंड जोर. बारा फुटी फायबरची होडी 90 किलो, दोन माणसं 150, बॅटरी 30, सामान 20, मिळून 290 किलो, म्हणजे साधारण 640 पौंड. जोर लागला 13 पौंड. मग 30 पौंडांची मोटर दुप्पट झाली की! स्थिर पाण्यात हो. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी धरणावर जो वारा सुटतो, त्यात 30 पौंडांची मोटर होडी जागेवर धरते आणि फारशी पुढे नेत नाही. बारा फुटीला 40 किंवा 45, चौदा फुटीला 55, असं धरून चाला. दहा फुटी हलक्या होडीला किंवा हवेच्या बोटीला 30 पुरते.

जास्त पौंड घेतले म्हणजे होडी जास्त पळेल, हा दुसरा गैरसमज. वेग ठरतो पंख्याच्या फेऱ्यांवर आणि त्याच्या पात्यांच्या पिळावर, आणि ते या मालिकेत फारसं बदलत नाही. 40 असो की 55, वेग तासाला पाच-सहा किलोमीटरच्या आसपासच घुटमळतो. जादा जोर कामाला येतो तो वजन आणि वाऱ्यापुढे.

नळीची लांबी मात्र चुकवू नका, कारण ती नंतर बदलणं महागात जातं. माणसं आणि बॅटरी होडीत बसवून मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. रिकाम्या होडीवर मोजलेलं माप फसवं असतं. हे अंतर 10 इंचांपर्यंत असेल तर 30 इंची नळी, 16 पर्यंत असेल तर 36 इंची, त्यापुढे 42 इंची. मोटरीच्या पोटाचा, म्हणजे पाण्यातल्या गोल भागाचा, मध्य पाण्याखाली साधारण 9 इंच हवा. कमी असेल तर पंखा वरून हवा ओढतो, खळखळ आवाज येतो, जोर निम्मा होतो आणि मासा पळतो. फार खोल असेल तर पाणी उतरलेल्या धरणात बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि जुने बांध वाट बघत असतातच.

पाच वेगांची गोम

स्वस्ताईची किंमत इथे द्यावी लागते. सी2 मध्ये पाच वेग तयार होतात ते साध्या रेझिस्टन्स कॉइलमधून. पाचव्या वेगाला बॅटरीचा करंट थेट मोटरीत जातो. एक ते चार वेगांना तो कॉइलमधून जातो आणि उरलेली ताकद उष्णता होऊन पाण्यात जाते. म्हणून पहिल्या वेगात होडी रांगत असली तरी 55 पौंडांची मोटर दहा-पंधरा अँपिअर खातेच. मॅक्स मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आहे. तो करंट तुकड्यातुकड्यांनी सोडतो, कॉइलमध्ये जाळत नाही. मंद वेगात बॅटरी कितीतरी जास्त टिकते. कंपनी पाचपट म्हणते, पण तो सर्वात अनुकूल आकडा समजा. तुमचा निम्म्याहून जास्त वेळ पहिल्या-दुसऱ्या वेगात जाणार असेल, तर मॅक्सचे जादा पैसे बॅटरीत वसूल होतात. तेवढा वेळ पाण्यात नसाल तर सी2 ची साधी रचना उलट फायद्याची. सर्किट बोर्डच नाही, तर जळणार काय?

या कॉइल मोटरीच्या पोटात बसवल्या आहेत आणि पाण्यानेच थंड राहतात. घरी अंगणात मोटर चालवून बघायची हौस येते. दोन-चार सेकंद ठीक, पण तिसऱ्या वेगात पाण्याबाहेर फिरत ठेवली तर कॉइल तापून जाते. पुढे कधी एक ते चार वेग बंद पडले आणि पाचवाच चालू राहिला, तर मोटर गेली असं समजून फेकू नका. ही कॉइल जळाल्याचीच खूण आहे. कॉइल सुटी बदलता येते.

बॅटरी आणि वायर

या मोटरीच्या बहुतेक तक्रारी मोटरीच्या नसतातच. कारची बॅटरी लावून 'मोटरीत दम नाही' म्हणणारे कमी नाहीत. कारची बॅटरी इंजिन सुरू करायला दोन सेकंद मोठा करंट देण्यासाठी घडवलेली असते. तिला रोज खोलवर रिकामी केलं की काही महिन्यांत तिच्या प्लेटा बसतात. हवी डीप सायकल बॅटरी, 100 ते 110 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) घरातली.

आपल्याकडे सहज मिळते ती इन्व्हर्टरची 150 एएचची ट्युब्युलर. खोल डिस्चार्ज ती सोसते, पण दोन भानगडी आहेत. वजन 50 किलोच्या पुढे, आणि उंच असल्यामुळे होडी हेलकावली की ती कलंडते आणि अॅसिड सांडतं. वापरायचीच असेल तर होडीच्या मध्यभागी, तळाला, झाकणाच्या प्लास्टिक पेटीत आणि पट्ट्याने बांधून. शिवाय 150 हा आकडा वीस तासांत हळूहळू काढलेल्या करंटचा, म्हणजे साडेसात अँपिअरचा. 50 अँपिअरने ओढलं की तेवढे मिळत नाहीत. लेड-अॅसिड निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम पाळला, तर 100 एएचच्या बॅटरीवर 55 पौंडांची मोटर पूर्ण वेगात पाऊण तासाच्या वर धरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेगात दोनेक तास निघतात. सकाळी जाताना वारा पाठीशी असेल तर परतताना तो तोंडावर असतो, हे हिशोबात घ्या. होडीत वल्ही असलीच पाहिजेत, बॅटरी कोणतीही असो.

व्होल्टमीटर जवळ ठेवा. बॅटरी काही तास निवांत राहिल्यावर 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. मोटर चालू असताना आकडा खाली दिसतो, तो बघून घाबरू नका.

लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 एएचची बॅटरी 11 ते 13 किलोंची असते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. परवडत असेल तर प्रश्नच नाही, पण तीन गोष्टी पाहा. तिच्यातल्या संरक्षक सर्किटची सलग करंट देण्याची क्षमता 100 अँपिअर हवी. 50 वाली पाचव्या वेगाला मध्येच बंद पडते. चार्जर लिथियमचाच हवा. आणि मिन कोटाची स्वतःची सूचना आहे की लिथियमवर मोटर 85 टक्क्यांपेक्षा जास्त वेगात फार वेळ चालवू नये. लिथियम शेवटपर्यंत जास्त व्होल्टेज धरून ठेवते आणि मोटर तापते. सी2 वर याचा अर्थ सरळ आहे. पाचवा वेग वाऱ्यातून सुटण्यापुरता, एरवी चौथा.

आता वायर. बॅटरी होडीच्या मध्यात नेली की मोटरीची स्वतःची वायर पुरत नाही, आणि मग घरात पडलेली 6 चौरस मिमीची वायर जोडली जाते. तीन मीटर जाणं, तीन मीटर येणं, असं सहा मीटर तांबं झालं. 50 अँपिअरला त्यात जवळजवळ एक व्होल्ट जातो. बारातला एक. 16 चौरस मिमीच्या वायरीत तेच नुकसान साधारण 0.35 व्होल्टवर येतं. वेल्डिंगची लवचीक तांब्याची केबल या कामाला झकास, फक्त टोकांना नीट दाबलेले लग्ज (भोकाची धातूची टोकं) हवेत. पिळून टेप गुंडाळलेला जोड होडीत चालत नाही. पॉझिटिव्ह वायरीवर बॅटरीजवळच 60 अँपिअरचा डीसी सर्किट ब्रेकर बसवा. गवत अडकून पंखा जाम झाला की करंट एकदम चढतो, आणि ब्रेकर नसेल तर वायरच फ्यूजचं काम करते. घरातला एसी करंटचा एमसीबी इथे लावू नका. बॅटरीवर हाताने फिरवायचा फ्लाय नट हादऱ्यांनी सैल होतो. पान्याने आवळायचा नट लावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. मासे दाखवणारा सोनार असेल तर त्याला वेगळी छोटी बॅटरी द्या, नाहीतर मोटर सुरू झाली की पडद्यावर रेघाच रेघा.

बसवणं

फायबरच्या होड्यांची मागची कड पातळ असते. तिथे दीड इंच जाडीच्या मरीन प्लायची फळी आरपार बोल्टनी बसवून मगच क्लॅम्प आवळा, तेही हाताने, पक्कड लावून नाही. दर अर्ध्या तासाने स्क्रू चाचपून पाहा. मोटरीच्या ब्रॅकेटमधून एक दोरी काढून होडीच्या कडीला बांधून ठेवा. क्लॅम्प सुटून मोटर पाण्यात गेली तर तेवढाच आधार. वळवण्याचा घट्टपणा ठरवणारा स्क्रू सोडलेल्या जागी दांडा राहील इतकाच आवळायचा. मोटर उचलताना ब्रॅकेटच्या फटीत बोटं चेंगरतात. आधी नळी धरा, मग लिव्हर दाबा.

पंख्यामागचा तंगूस

देखभालीचं एकच काम कराल तर हे करा. तुटलेली तंगुसाची दोरी पंख्यात ओढली जाते आणि पात्यांवर न राहता पंख्याच्या मागे, शाफ्टभोवती जाऊन बसते. बाहेरून काहीच दिसत नाही. शाफ्ट फिरतो तशी ती आवळत जाते आणि तिथल्या रबरी सीलच्या ओठात सुरीसारखी शिरते. सील कापला की पाणी आत. मग कार्बन ब्रशची पूड आणि पाणी मिळून काळा चिखल होतो, बेअरिंग गंजतात, आणि मोटर कण्हत कण्हत बंद पडते. आपल्या धरणांत जुन्या जाळ्यांचे तुकडे इतके तरंगतात की स्वतःची दोरी सांभाळून भागत नाही.

म्हणून पाण्यातून आल्यावर दर वेळी पंखा काढा. पाच मिनिटांचं काम आहे. प्रथम बॅटरीची वायर सोडवा; स्विच बंद आहे एवढ्यावर भरवसा ठेवून पात्यात हात घालू नका. एका हाताने पातं धरून नट सोडा. नट इंचाच्या मापाचा असतो, मिलिमीटरचा पाना त्यावर घसरून कोपरे खातो. इंची पाना घ्या. नट आणि वॉशर निघाले की पंखा फिरवून त्याला शाफ्टशी जोडणारी आतली पिन आडवी येईल असा धरा आणि सरळ बाहेर ओढा, म्हणजे पिन खाली पडत नाही. अडकला तर लाकडी हातोडीने पात्याच्या मागून हलकेच टिचकी मारा. पिन तुटून शाफ्ट नुसताच फिरत असेल तर त्याच्या टोकाला खाच आहे, तिच्यात स्क्रू ड्रायव्हर धरून नट सोडवा. मागची दोरी बोटाने किंवा लाकडी काडीने उलगडा. ब्लेड चालवलंत तर तंगुसाने जे करायचं ते तुम्हीच कराल. सीलभोवती तेलकट काळा ओघळ दिसला तर ती पाणी शिरल्याची पहिली खूण. परत बसवताना पिन पंख्याच्या खाचेत बसली का ते पाहा, नट बोटांनी टेकवा आणि पान्याने फक्त पाव फेरी द्या. त्याहून जास्त आवळला तर पिन वाकते.

पात्यांच्या कडेला दगडाचे ओरखडे पडले तर बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. मोठा टवका उडाला असेल तर पंखा बदला. तोल गेलेला पंखा सीललाच मारतो.

जलपर्णीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गवतातून सुटणारा म्हणून विकला जाणारा पंखा पाणगवतात खरंच उपयोगी आहे, फक्त घेताना मोटरीच्या पोटाचा व्यास जुळवून घ्या. जलपर्णीच्या गच्च पट्ट्यात कोणताही पंखा हरतो. पवईसारख्या तलावात पट्टा ओलांडायचा झाला तर मोटर वर घ्या आणि वल्ह्याने जा. मुळ्या गुंडाळल्याच तर जोर लावत बसू नका. क्षणभर मागचा वेग द्या, बऱ्याचदा सुटतात.

खाडीत का नाही

एंड्युरा गोड्या पाण्यासाठी रंगवलेली आणि सील केलेली आहे. धरमतरच्या खाडीत किंवा वाशिष्ठीच्या मुखाजवळ, जिथे भरतीचं पाणी चढतं, तिथे मोटरीचं अॅल्युमिनियमचं पोट आणि स्क्रू दोन्ही खाऊन जातात, आणि हमीही जाते. त्या पाण्यासाठी कंपनीची रिपटाइड मालिका आहे, पांढरी; तिच्या पंख्याजवळ एक बळीचा झिंक असतो, मोटरीआधी तो झिजतो आणि मग बदलायचा. 'नंतर गोड्या पाण्याने धुवून टाकू' हा जुगाड सीलच्या आत पोहोचत नाही.

बिघडली तर

दम कमी वाटला की आधी मोटर चौथ्या-पाचव्या वेगात चालू ठेवून व्होल्टेज दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या टोकांवर आणि मोटरीची वायर जिथे तुमच्या वायरीला जोडली आहे तिथे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायरीत किंवा जोडात, आणि तो जोड हाताला गरम लागतो. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि होडी हलत नाही, म्हणजे पिन गेली. थरथर आली तर गवत किंवा तुटकं पातं. बॅटरी काढल्यावर पंखा हाताने फिरवून पाहा: चुंबकाचे हलके अडथळे जाणवणारच, पण खरखर किंवा जडपणा असेल तर बेअरिंग किंवा आत पाणी.

पोट उघडायची वेळ आलीच तर जोडाच्या रेषांवर मार्करने आडव्या खुणा करा, मग दोन लांब बोल्ट काढा. चुंबक आतला आर्मेचर (फिरणारा भाग) ओढून धरतात, तेव्हा हिसका देऊ नका. ओ-रिंग आणि सील उघडल्यावर नवेच घाला, जुने परत वापरायचे नाहीत. बसवताना ब्रश मागे दाबून धरावे लागतात. आर्मेचर आत ढकलताना ते निसटले तर कडा तुटतात. हे काम मोटर वाइंडिंगवाला चांगलं करतो, फक्त त्याला सीलची दिशा आधी दाखवून द्या. ओठ उलटा बसला तर पहिल्याच दिवशी पाणी शिरतं.

पावसाळ्यात मोटर उतरवून ठेवाल तेव्हा वायर सुटी ठेवा, धातूच्या भागांवर पाण्यात मिसळणाऱ्या सिलिकॉनचा पातळ हात द्या आणि उंदरांपासून वायर वर टांगा. लेड-अॅसिड बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घाला. लिथियम निम्मी-साठ टक्के भरून ठेवली तरी चालते. आणि दोन पिना, दोन नट, एक सील-सेट हे सामान मोटरीच्या बिलातच मागून घ्या; दुकानदार त्या वेळी देतो, ऐन हंगामात तेच पार्सल येईपर्यंत होडी काठावर.